मढच्या छपरावरची जाळी

सुदामभाऊ गेल्याचा निरोप नारायणगावला, माझ्या हार्डवेअरच्या दुकानात, सकाळी नऊ चाळीसला आला. मढला त्यांच्या थोरल्या बहिणीला, हौसाअक्कांना, तो कळला दुपारी एक वाजता. अक्कांच्या घराला डोंगर आडवा, फोन लागत नाही. भाऊंचा पुतण्या मोटरसायकलवर सांगायला गेला. अक्का खोडदला पोचल्या तेव्हा तिरडी बांधून झाली होती... नेमकं हेच होऊ नये म्हणून सुदामभाऊ दोन वर्षं राबत होते.

आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या खोडदच्या दुर्बिणीवर सुदामभाऊ अँटेनांचे फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीत थ्रीडी प्रिंटर मांडला आणि प्लास्टिकच्या जाळ्या छापायला घेतल्या. मेटामटेरियल म्हणतात त्याला. मला त्यांनी समजावलं ते असं : "शेठ, माल त्योच. पन भोकांची मापं बदलली की लहर येगळी वळती. मधी दाट, कडंला इरळ छापली, की भिंगावानी गोळा करती." अशी जाळी अक्कांच्या छपरावरच्या अँटेनासमोर बसवायची, म्हणजे डोंगराआडून येणारा क्षीण सिग्नल राउटरला पुरेल आणि फोन लागेल, एवढाच बेत.

चाचणी मात्र त्यांनी खोडदला कधी घेतली नाही. राउटर लहरी सोडतो, आणि दुर्बिणीशेजारी तसलं काही नवं चालू करायचं नाही, ही नोकरीतली शिस्त. "अख्खं गाव मोबाइल कानाला लावून फिरतंय, भाऊ," मी म्हणायचो. "फिरू दे. मी जलमभर दुसऱ्याची यंत्रं बंद करायला लावली, आता सोताचं लावू व्हय?" मग प्रत्येक जाळीसाठी दोन बस बदलून मढ. ते पत्र्यावर, मी खाली राउटरपाशी वही घेऊन. सिग्नलच्या ताकदीचे आकडे टिपायचं काम माझं. "शेठचा आकडा म्हंजी दगडावरची रेघ," असं ते चारचौघांत सांगत.

शेवटच्या खेपेला दोन जाळ्या नेल्या होत्या. एकीची मधली घरं चार मिलिमीटरची, दुसरीची सहाची. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळे परतायची घाई माझीच होती. आकडे सगळेच उणे, म्हणून चिन्ह लिहिलं नाही. नुसतं चारचीपुढे १०४ आणि सहाचीपुढे ११३. बसमध्ये भाऊंनी विचारलं, "कंची सरस?" मी वहीत पाहिलं आणि म्हणालो, "सहाची." त्यांनी वही मागितली नाही. चारची जाळी अक्कांकडेच राहिली.

पुढचे पाच आठवडे ते सहाच्या घरांची मोठी जाळी तुकड्यातुकड्यांनी छापत होते. छातीत भरून येतं म्हणायचे. डॉक्टरचं नाव काढलं की, "जाळी व्हऊ द्या, मग जाऊ." नववा तुकडा प्रिंटरवर असताना ते गेले.

तेराव्यानंतर पुतण्याने उरलेले तुकडे छापले आणि आम्ही ती मोठी जाळी मढला बसवली. राउटरवर आकडा आला उणे ११५. काढून पाहिली, उणे १०९. जाळी सिग्नल खात होती. उण्यात मोठा आकडा म्हणजे कमी, हे मला शाळेपासून माहीत आहे. तिथेच वही उघडली आणि माझी चूक माझ्याच अक्षरात वाचली.

चारच्या घरांची आधीची जाळी चुलीपाशी सापडली. ऊन भाकरी घामेजू नये म्हणून अक्का ती या जाळीवर टाकत. एक कड उष्णतेने वाकली होती. पुसून वर बसवली. उणे १०५. पुतण्याने फोन अक्कांच्या हातात दिला. "लाव आत्या, लागतोय."

त्यांनी लावायच्या आत मी बोललो. झालेली चूक आकड्यांसकट सांगितली. अक्कांनी ऐकून घेतलं.

"पाच आठवडं," त्या एवढंच म्हणाल्या. मग फोन परत देत, "ती जाळी खाली काढा. भाकऱ्या वल्या व्हत्यात."

"वर राहिली तर फोन लागेल तुमचा, अक्का. अडीअडचणीला..."

"लागंल की. उचलायचा त्यो कुठंय?"

जाळी आम्ही खाली उतरवली. पुतण्या तसलीच दुसरी छापतो आहे. ती वर चढवायची की नाही, हे अक्कांनी अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी ऊन उतरायच्या आत त्यांनी मला जेवायला वाढलं. भाकरी मोडायला उचलली, तर तिच्या पाठीवर जाळीची घरं उमटलेली. अक्का समोर बसून होत्या. मी ती भाकरी खाल्ली.