तिसरी चावी

आमची चाळ पाडून तिथे सोळा मजली इमारत उभी राहिली तेव्हा आई रडली, पण सामाईक नळासाठी नाही, आणि संडासाच्या रांगेसाठी तर नाहीच. ती रडली गॅलरीसाठी. मी त्या गॅलरीवर पीएच.डी. करायचं ठरवलं. घाटकोपरला वाढलेल्या, समाजशास्त्र शिकलेल्या आणि नोकरी न मिळालेल्या मुलीला दुःख वापरात आणायचा तेवढाच एक सभ्य मार्ग दिसत होता.

प्रबंधाचं नाव अर्जावरच्या रकान्यात मावत नव्हतं. थोडक्यात प्रश्न असा, की चाळीतून टॉवरमध्ये गेल्यावर शेजारधर्माचं काय होतं? उत्तर मला आधीच माहीत होतं. तो मरतो. आता फक्त सिद्ध करायचं राहिलं होतं. आमच्या तुकडीतले सगळेच काही ना काही मरताना बघत होते. एक मैत्रीण बोरिवलीत एकत्र कुटुंब मरताना बघत होती, एक मित्र आरे कॉलनीतल्या पाड्यांवर जाऊन तिथली बोली शेवटच्या घटका मोजते आहे का ते बघत होता. चहाला भेटलो की "तुझं कुठपर्यंत आलं?" असं विचारायचो. हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करावी तसं.

माझ्या प्रश्नावलीत बरेच प्रश्न होते, पण हुकमी एकच होता: तुमच्या घराची जादा चावी शेजाऱ्यांकडे असते का? चाळीत प्रत्येकाची चावी कुणा ना कुणाकडे असायची. शाळेतून आलं की दार कुलूपबंद असलं तरी आपण रस्त्यावर पडलो असं कधी वाटलं नाही. चावी ज्या घरात, त्या घरात आधी खायचं आणि मग आपल्या घरी जायचं. म्हणून चावी हेच माझं माप. मार्गदर्शक बाईंना ते फार आवडलं. त्या पार्ल्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एकच अट घातली. आमच्या इमारतीत अभ्यास करायला हरकत नाही, पण स्वतःचं घर नमुन्यात घ्यायचं नाही. घरच्या माणसांच्या बाबतीत आपण तटस्थ राहत नाही, असं त्या म्हणाल्या.

आईला हे कळलं तेव्हा ती चिडली. "सगळ्या बिल्डिंगला विचारतेस आणि मला नाही? माझ्यात काय कमी आहे?"

"आई, तो नियम आहे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मी ते वहीत लिहून घेतलं. प्रबंधाच्या सुरुवातीला म्हणी बऱ्या दिसतात.

मुलाखती मी रविवारी अकराला घ्यायचे, कारण तेव्हा सगळे घरी सापडतात. ही माझी शिस्त होती आणि तिचा मला अभिमान होता. सोफ्यावर मुलगा, सून, नातू. म्हातारे आईवडील जरा कडेला, खुर्चीत. चावीचा प्रश्न आला की उत्तर मुलगाच द्यायचा. "शेजाऱ्यांकडे? आता कोण ठेवतं? मॅडम, जमाना बदलला." चौदाव्या मजल्यावरच्या एकाने तर मला दारापर्यंत नेऊन नवं कुलूप दाखवलं. बोट लावलं की उघडतं, चावीची भानगडच नाही. त्याचे वडील मागे उभे राहून मान डोलावत होते. मी लिहिलं: नाही. वरच्या मजल्यावर: नाही. त्याच्या समोर: नाही. रकाना भरत गेला तसतशी मी खूश होत गेले. माझं गृहीतक इतकं टुणटुणीत होतं की शेजारधर्म मेल्याचं दुःख करायला मला वेळच मिळाला नाही.

आमच्या शेजारच्या काकू चाळीतही शेजारच्याच होत्या. मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते. आता मुलगा-सून आठ वाजता कामाला बाहेर पडतात आणि काकू दिवसभर एकट्या. त्यांनाही मी विचारलं. "माझी चावी कोणाकडे कशाक? मी घराकच आसतंय," त्या म्हणाल्या. मी लिहिलं: नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. बिल्डरने फ्लॅटच्या तीन चाव्या दिल्या होत्या. एक आईकडे, एक माझ्याकडे आणि तिसरी हरवली. सामान हलवताना कुठेतरी पडली, असं आई म्हणाली. त्यावरून मी तिला दोन-तीनदा बोललेही होते. "वय झालंय तुझं, वस्तू सांभाळता येत नाहीत," असलं काहीतरी. ती ऐकून घ्यायची. आई माझं बोलणं ऐकून घेते यातच मला काहीतरी शंका यायला हवी होती.

'बंद दारं' हे शेवटचं प्रकरण मी पार्ल्याला बाईंच्या घरी वाचून दाखवत होते, त्या दुपारची गोष्ट. फोन पर्समध्ये, आवाज बंद. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "शहरी वृद्ध आपल्याच घरात बेट होऊन राहतो" या वाक्याला त्यांनी डोळे उघडले आणि "छान" म्हणाल्या. बाहेर पडल्यावर फोन पाहिला तर काकूंचे नऊ मिस्ड कॉल. परत लावला तर त्या म्हणाल्या, "काय घाबरा नको. तुझी आवस माझ्याकडे आसा. चाय पिता."

घरी पोचले. आई काकूंच्या पलंगावर बसली होती. उजव्या हाताला प्लास्टर आणि डाव्या हाताने बशीतून चहा. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणाली. काकूंना भिंतीतून आवाज ऐकू आला. मग रिक्षा, एक्सरे, प्लास्टर, सगळं काकूंनी केलं.

"बाथरूममध्ये पडलीस," मी विचारलं, "मग दार कोणी उघडलं?"

इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारत फिरले, पण नेमका प्रश्न बहुधा तो पहिलाच. दोघी एकदम समोर ओट्यावरच्या मिक्सरकडे बघायला लागल्या.

शेवटी काकू उठल्या. फळीवरून कुळथाच्या पिठीचा डबा काढला. झाकण उघडलं. आत चाव्या. डबाभर. सुनेला कुळीथ चालत नाही, म्हणून त्या डब्याला घरात कुणाचा हात लागत नाही. प्रत्येक चावीला काहीतरी बांधलेलं: साडीच्या काठाची चिंधी, शर्टाचं बटण, लोकरीचा दोरा. फ्लॅटचा नंबर कशावरही नाही. चोराला आपण कशाला सोपं करून द्यायचं, हा काकूंचा विचार. माझ्या प्रबंधात लोकांची ओळख लपवायला मी क्रमांक दिले होते, आणि कोण कुठला ते वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळलं असतं. काकूंची पद्धत फार चोख होती.

त्यांनी निळी रिबीन बांधलेली चावी काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्या शाळेच्या वेणीची रिबीन. आमची हरवलेली तिसरी चावी.

"आणि ही?" मी दुसरी उचलली. पांढरं बटण.

"चौदाव्याचे आजोबा."

"त्यांच्याकडे चावीच नाहीये! बोटाचं कुलूप आहे!"

"बॅटरी संपली की चावी लागता ना गो. झिलान कपाटात टाकून दिलली. आजोबांनी हळूच आणून दिली." झील म्हणजे मुलगा, ज्याने मला ते कुलूप दाखवलं होतं तो.

"मग मी विचारलं तेव्हा सगळे 'नाही' का म्हणाले?"

"झिलासमोर इचारलंस," काकू म्हणाल्या. "झिलाक कळला तर म्हणतलो, बाबांका आता एकटा रवाक झेपना नाय. नि माका इचारलंस, तुमची चावी खंय आसा. लोकांची चावी तुमच्याकडे आसा काय, ह्या कधी इचारलंस?"

मला राग आला. आधी काकूंचा आला, मग आईचा, कारण तेवढ्यात आईची फाइलही बाहेर निघाली. गणपतीपासून तिला चक्कर येत होती. दोनदा पडली होती. डॉक्टरकडे काकू नेत होत्या, गोळ्याही त्यांच्याच घरी ठेवलेल्या. मी बाहेर असताना घरात माझी आई पडत होती आणि मी शेजारधर्माच्या मरणावर प्रकरण लिहीत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घरात बसली असतीस," आई म्हणाली. "आणि मग जन्मभर म्हटलं असतंस, आईमुळे राहिलं. आधी तुझं ते पुस्तक होऊ दे म्हटलं."

मी रडले. काकूंनी मलाही चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यातली संशोधक जागी झाली. असला पुरावा कुणाला मिळतो? नवीन प्रकरण लिहायचं, सगळी मांडणी उलटी करायची. बाई डोळे उघडूनच ऐकतील. मी संमतीपत्र घेऊन काकूंकडे गेले. आमच्यात तशी रीत आहे: माणसाचं गुपित घ्यायच्या आधी त्याची सही घ्यायची.

काकूंनी कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. आजवर तो पूर्ण वाचणाऱ्या त्या एकट्याच. मग म्हणाल्या, "सही करूक माझी ना नाय गो. पण सही माझी नि चाव्यो लोकांच्यो. तू लिवतलंस, उद्या कोणाचो तरी झील वाचतलो, परवा सोसायटीचो कागद लागतलो. सगळ्यांनी चाव्यो परत नेल्यो, मग तुझ्या आवशीचा दार कोण उघडतला? तू तर पार्ल्याक."

मी कागदाची घडी घातली आणि घरी आले.

'बंद दारं' मी होतं तसं दिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. इतका एकमुखी निष्कर्ष त्यांनी क्वचित पाहिला होता म्हणे. एकाने विचारलं, एकही अपवाद सापडला नाही? "नाही," मी म्हटलं. आई मागच्या रांगेत बसली होती, हाताचं प्लास्टर निघालेलं. ती खाली बघून पदराशी चाळा करत होती. मी डॉक्टर झाले. मजल्यामजल्यावर पेढे वाटले आणि ज्यांच्या हृदयशून्यतेवर मला पदवी मिळाली होती त्या सगळ्यांनी "आमच्या बिल्डिंगचं नाव काढलंस" म्हणून पाठ थोपटली.

इथे मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. मजले बदलले आहेत आणि डब्यात कुठलं पीठ होतं तेही. तेव्हा कुणाच्या मुलाने घरी जाऊन कुळीथ उपसू नये.

या शिमग्याला काकू महिनाभर गावी गेल्या. गेल्या त्याच रविवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात एक मुलगी, हातात टॅब. पार्ल्याच्या कॉलेजातून आली होती. टॉवरमधल्या एकटेपणावर प्रकल्प होता. "तुमचा प्रबंध वाचलाय मॅडम, तोच आधार घेतलाय," म्हणाली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती. निदान हिच्या नमुन्यात तरी आईला जागा होती.

तिने माझाच प्रश्न मला वाचून दाखवला. जादा चावी शेजाऱ्यांकडे असते का?

"छे," मी काही बोलायच्या आत आई म्हणाली. "आता कोण ठेवतं गं?"

मुलगी माझ्याकडे वळली. मीही मान हलवली. तिने टॅबवर खूण केली आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते मी ओळखलं. तिला चहा करायला मी आत गेले आणि साखर काढताना फळीवरचा काकूंचा डबा जरा मागे सरकवून ठेवला.