अक्कांनी अंगावर घेतलेली चूक

त्या दिवशी सकाळीच दाजींचा, म्हणजे अक्कांच्या यजमानांचा, फोन आला. "मनीषा, अक्का गेली गं... धार काढायला बसली आन् बसल्याजागीच कलंडली." त्याला आता दीड महिना होईल. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत त्यांचं घर. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिल्या बाळंतपणाला त्याच म्हणाल्या होत्या, "माझ्याकडं ये. हेच तुझं माह्येर."

तिथली थंडी माझ्यासारख्या नगरात वाढलेलीला झेपणारी नव्हती. अक्का रोज सकाळी आम्हा मायलेकींना कोळशाच्या शेगडीवर शेक द्यायच्या, आणि शेक झाला रे झाला की शेगडी उचलून बाहेर ओट्यावर ठेवायच्या. खिडकीची एक फळी त्या कधीच लावू देत नसत. "निखारा दिसतो गरीब," म्हणायच्या, "पर कोंडला की मानूस खातो." मला ते जुन्या बायकांचं काहीतरी वाटायचं...

नेहा दहा दिवसांची होती. ढगाळ दुपार, बोचरं वारं. अक्का राजूरच्या बाजाराला गेलेल्या, बाळंतपणासाठी लेकीकडे येऊन राहिलेल्या माझ्या सासूबाई शेजारी. बाळाचे पाय गार लागले म्हणून मी ओट्यावरची शेगडी आत ओढली, वर कोळसे घातले, दार लोटलं, खिडकीत गोधडी कोंबली. छान ऊब आली. डोकं जड झालं, वाटलं झोप येतेय... त्यानंतरचं आठवतं ते थेट अंगणातलं आभाळ. अक्का माझ्या गालावर चापट्या मारत होत्या आणि त्यांच्या काखेत नेहा टाहो फोडत होती. बाजारातून येताना ओट्यावर शेगडी दिसली नाही, एवढ्यावरून त्या हातातली पिशवी टाकून धावल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या कोळशाच्या वायूला ना रंग ना वास. आणखी थोडा वेळ गेला असता तर तुम्ही दोघीही हाती लागला नसता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पेटती शेगडी आत ठिवली कोनी?" मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाल्या, "मीच, आई. बाजाराच्या गडबडीत काढायची इसरले." सासूबाई पोटच्या लेकीला नको नको ते बोलल्या. "तुला काय ठावं लेकराचं मोल," एवढंसुद्धा! बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान त्यांनी चुलत नणंदेला दिला. अक्का चुलीपाशी घुगऱ्या शिजवत राहिल्या. आणि मी... मी गप्प बसले.

सासरी परत निघताना अक्कांच्या पाया पडले आणि रडू आवरेना. म्हटलं, "मी सांगते त्यांना खरं काय ते." अक्कांनी मला उठवलं. "येडी का काय! आई माझी हाय. चार दिस बोलंल, पाचव्या दिशी जेवायला वाढंल. तुला मात्र जल्मभर ऐकावं लागंल." पुढे चोवीस वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. थंडी पडली की फोन तेवढा यायचा, "खिडकी उघडी ठिवती ना गं?"

दहाव्याला सगळे जमलो. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आठवणी निघाल्या, त्यात शेगडीही निघाली. चुलत नणंद म्हणाली, "एक डाव इसरली बिचारी, पर जीव लई लावायची." मला ते ऐकवेना. "अक्का विसरल्या नव्हत्या," मी म्हणाले. "शेगडी मी ठेवली होती, आई. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं." नेहा माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाई रागावतील, असं वाटलं होतं... रागावल्या असत्या तर सोसलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुला आता काय बोलू? बोलायचं ते समदं मी तिला बोलून बसले."

नेहा उठली आणि आजीला बिलगून बसली.