वडी उगाळली त्या मंडईला

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तर आमची बाई त्या पावसाळ्यात तापाने अशी झिजली की ओळखू येईना. थंडी भरली की घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी खाट हलायची. तेव्हा सालेकशाच्या बाजूला घरोघरी हाच ताप. बाई वाचली. दसऱ्यापर्यंत भात खायला लागली, माझ्याशी भांडायलाही लागली. पण डोळ्यांखाली जे काळं चढलं ते काही उतरेना. त्याच्यापायी एक पाहुणे बघून परत गेले आणि निरोप काय पाठवला, तर म्हणे पोरगी बिमार दिसते. मेले स्वतः कोण मोठे पहिलवान लागून गेले होते! माझा नुसता जळफळाट झाला.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरायची. बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमची मंडई म्हणजे जत्रा. लेकी माहेरी येतात, सोयरे जमतात, दिवसा दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाच उभा राहतो. लग्नाची बोलणीही तिथंच निघतात. त्या वर्षी मंडईला बाईला बघायला एक पाहुणी येणार होती. तिच्या मुलाला बाईने आदल्या साली त्यांच्या गावच्या दंडारीत ढोलकी वाजवताना पाहिलं होतं. तेव्हापासून बाईचं मन त्याच्यावर होतं. मला एकटीलाच तिने सांगितलं होतं, "झालं तं तिथंच. नाही तं मले कोनी विचारू नका."

मंडईच्या दिवशी सकाळीच गोंदियाहून मामी आली. शहरातली, अर्धं हिंदी बोलणारी, बांगड्या खळाळत चालणारी आमची मामी. तिने पिशवीतून एक चपटी, गोल डबी काढली. झाकणाला आतून आरसा, आणि खाली गव्हाळ रंगाची, दाबून बसवलेली पावडर.

"नागपूरवरून मंगवली, नवीन निघाली आहे," मामी म्हणाली. "आँख के नीचे लगा दो, कालापन गायब!" एवढं सांगून बया बांगडीवाल्याकडे पळाली. मंडई लागली की मामीचा पाय घरात ठरत नसे.

आम्हाला पावडर माहीत होती ती भुरभुर सांडणारी. ही तर घट्ट. मायने नखाने टोकरून पाहिलं, वास घेतला, आणि निकाल दिला, "हे तं गंधाची वडी होय. उगाळा लागते." झालं! देवापुढची सहाण आली. डबीत एक मऊ कापडाची गादी होती, ती वडी फुटू नये म्हणून घातली असेल असं समजून मायने बाजूला टाकली. सुईने वडी उचकटली, पाणी शिंपडलं आणि मांडी घालून उगाळायला बसली. देवासाठी रोज चंदन उगाळून तिचा हात बसलेला, लेप कसा लोण्यासारखा झाला. बाई पाटावर डोळे मिटून बसली आणि मायने तो बोटाने तिच्या डोळ्यांखाली हळूहळू पसरवला.

ओला होता तोवर, खरं सांगते, काळं दिसेनासं झालं. बाईने आरशात पाहिलं आणि हर्षाने माझा गालगुच्चा घेतला. माय पदराने डोळे पुसू लागली. मग लेप वाळला. वाळला तसा पांढराफटक पडला, आणि बाई हसली तशा त्याला पाणी आटलेल्या धानाच्या बांधीसारख्या भेगा गेल्या.

"अवं माय! मी तं दंडारीतली नाची दिसून राहिली!"

दंडारीत बायकांचं सोंग पुरुषच घेतात, तोंडाला सफेदा फासून. अगदी तसंच ध्यान दिसत होतं. मला हसू आवरेना. बाईही हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "आता हेबी पाहून वापस जातीन," म्हणाली. डोळे पुसले तसा लेप कानापर्यंत फासला गेला.

आणि नेमकी तेव्हाच ती पाहुणी दारात! यायची होती संध्याकाळी, आली भर दुपारी, एकटीच. मायने झटकन बाईच्या तोंडावर पदर ओढला.

"कायले झाकून राहिल्या? पाहू द्या ना पोरीले," पाहुणी म्हणाली.

माय पदर सोडेना. पण बाई आमची तापट. तिने पदर बाजूला केला, तांब्या उचलला, तिथंच खसखसून तोंड धुतलं आणि मान वर केली. "मले ताप आला होता. हे त्याचंच काळं होय. घ्या पाहून."

गेलं, म्हटलं, हेही गेलं.

पाहुणी बाईच्या समोर बसली. कानाजवळ राहिलेला लेप तिने पदराने टिपला आणि त्या काळ्यावरून अंगठा फिरवला.

"माह्या पोरीलेबी असंच झालं होतं," ती म्हणाली. "परारच्या पावसाळ्यात. असंच काळं, इथं. ते उठलीच नाही. मीच तिचे डोळे मिटवले." मग बाईची हनुवटी धरून म्हणाली, "तू उठली ना वं. मंग हे कायले लपवून राहिली?"

बाई तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. पावडरीसाठी नाही, हे मला त्या वयातही कळलं.

उन्हं कलल्यावर पाहुणीने बाईला तशाच धुतलेल्या तोंडाने मंडईत नेलं. मी मागे मागे. बांगडीवाल्यापाशी मामी भेटली आणि आपल्या डबीचं काय झालं ते ऐकून तिने "अरे, वो तो सूखा लगाते हैं, उस गद्दी से!" म्हणत कपाळावर हात मारून घेतला. पाहुणीने तिकडे लक्ष दिलं नाही. सगळ्या सोयऱ्यांच्या देखत तिने बाईचा हात धरला होता, तो काही सोडला नाही.

तिच्या गावची एक शेजारीण समोर आली. डोळ्यांखाली काळं असलेल्या पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहत तिने विचारलं, "हे कोन वं?"

"माही पोरगी," पाहुणी म्हणाली.