मापकाकांचे पाय

माणूस समोर आला की बाकीचे लोक तोंडाकडे बघतात, मापकाका पायांकडे बघायचे. बूट-चपला शिवण्यात उभी हयात गेली, तेव्हा नजर आपोआप खालीच जायची. पट्टी न लावता माप सांगायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं आणि ओघाने त्यांच्या बायकोलाही मापकाकू व्हावं लागलं. बरं, नुसतं माप सांगून गप्प बसतील तर शपथ! "डावा पाय घासून चालता तुम्ही. नखं एवढी आत कापू नका. ही भेग बरी दिसत नाही, वेळेवर दाखवा कुणाला तरी." अख्ख्या दुनियेच्या पायांची काळजी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते काही उगीच नाही.

कारण काकांचे स्वतःचे पाय मेले होते. साखरेचा आजार जुना. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग जळजळ सुरू झाली आणि मग काहीच वाटेनासं झालं. काका खूश! दुखणं गेलं म्हणून. पुढे एकदा बारीक खिळा टाचेत रुतला आणि तो थेट संध्याकाळी पाय धुताना दिसला, तेव्हा मात्र खुशी संपली. थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी एक बोट काळं पडलं आणि शेवटी पाय गुडघ्यापासून गेला. काका तर खाली बसून, बूट दोन्ही पावलांमध्ये दाबून शिवणारे. पाय गेला की धंदा गेला, आणि धंदा गेल्यावर हा माणूस उरतो तो काय? म्हणून त्यांनी काय केलं, तर कुणाला सांगितलंच नाही. डॉक्टरांनी विचारलं, "पायांना स्पर्श कळतो ना?" "एकदम." काकूंनी विचारलं, "मुंग्या येतात का हो अजून?" "छे गं." झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा यांचा झाकलेला पाय.

अशा या घरात उंदीर शिरले.

घर म्हणजे दोन खोल्या. मागे स्वयंपाक, पुढे काकांचं काम, आणि रात्री त्याच पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरुणं. काकूंना आधी कपाटामागे लेंड्या दिसल्या, मग पिठाच्या पिशवीला भोक. लेक माहेरी आली होती, ती म्हणाली, "विष घाल गं आई, मोकळी होशील."

"आणि हे तुझं रांगणारं लेकरू? आत्ता बाबांची चप्पल चाटत होतं ते. त्याच्या पुढ्यात मी विष पसरू? शिवाय मेलेला उंदीर भिंतीत कुजला म्हणजे आपणच घर सोडायचं."

"माझ्यावर सोडा," काका म्हणाले. चामड्याचे जाड तुकडे कापले, मागे पिठाची खळ फासली आणि एकेक भोक असं बंद केलं की बघत राहावं. कडा कशा, जणू बुटाचा तळ बसवलाय! "आता उंदीर काय, वारासुद्धा आत यायचा नाही." दोन-चार दिवसांत घरभर नुसता धुडगूस. काकूंनी एक तुकडा उपटून बघितला. मागची खळ चाटूनपुसून साफ आणि चामडं निम्मं गायब.

"अहो, तुम्ही बिळं नाही बुजवलीत, ताटं वाढून ठेवलीत! पिठाची खळ आणि वर चामडं. जावई आला तरी इतकं करत नाही आपण."

काका ओशाळले. मग काकूंनीच पदर खोचला. लेकीला आणि नातवाला आधी सासरी धाडलं. भोकांत तारेच्या घासण्या कोंबून वर सिमेंट लिंपलं. पीठ, धान्य, साबणाच्या वड्यासुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यांत गेल्या. तोंडाला फडकं बांधून लेंड्यांवर पाणी शिंपडलं आणि ओल्या कपड्याने पुसून काढल्या, कोरडा झाडू लावला नाही. काकांचं खळीचं भांडं झाकणात बंद झालं. भिंतीच्या कडेने सापळे लागले. काही उंदीर सापडले आणि घर शांत झालं.

एक मात्र आत राहिला होता.

तिन्हीसांजेला माळ्यावर खरडल्याचा आवाज यायचा. मोठा होता मेला, आवाजावरून कळायचं. सापळ्याकडे ढुंकून बघत नव्हता. सगळी भोकं बंद, त्यामुळे बाहेर जायची वाटही नाही. काकू डबे पुसता पुसता थांबायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "घरात एक कण उघडा नाही ठेवलेला मी. मग हा खातोय काय?"

काका खाली मान घालून टाके घालत राहायचे. घरात खळ एकाच जागी उघडी राहिली होती. दिवसभर बूट पावलांत दाबून धरायचा, खळ बोटांच्या बेचक्यांत ओघळायची आणि तिथेच वाळायची. ज्याला पाय कळतच नाहीत, तो ते घासून धुतोय कशाला!

एका सकाळी चादरीवर रक्ताचा डाग दिसला, मसुरीच्या दाण्याएवढा. "खिळा लागला असेल," काका म्हणाले. दुसऱ्या वेळी अंगठ्याची कड अशी दिसली की काकांनी ती नीट बघितलीच नाही. चिंधी गुंडाळली, वर मोजा चढवला. सकाळी मोज्याला भोक होतं. तो मोजा त्यांनी कागदात बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकला. कळत होतं, पण वळत नव्हतं. सांगायचं तर काय सांगायचं? उंदीर चावला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग जाग कशी नाही आली? त्या प्रश्नाची त्यांना उंदरापेक्षा जास्त भीती वाटत होती.

मग ते बूट घालून झोपायला लागले. काकूंनी कपाळावर हात मारला, "अंथरुणात बूट?"

"पाय गार पडतात गं."

स्वतः शिवलेले बूट, दणकट चामड्याचे. पण बूट तरी कशाचे? चामड्याचे आणि खळीचेच ना!

एका सकाळी काकू चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. काका अजून घोरत होते. उजव्या बुटाचं टोक कुरतडून आरपार गेलं होतं आणि आतून मोजा लाल दिसत होता. त्यांनी कप खाली ठेवला, हलक्या हाताने नाडी सोडली, बूट काढला, मोजा सोलला. वास आला. अंगठ्याचं टोक काळंनिळं झालं होतं आणि नख जागेवर नव्हतं.

"अहो!"

काका दचकून उठले. बघितलं आणि पाय पांघरुणात ओढायला लागले. काकूंनी घोटा घट्ट धरला.

"उंदराने केलंय हे. आजचं नाही, कितीतरी दिवसांचं आहे. आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"अगं, उंदीर फुंकर घालून कुरतडतो म्हणतात ना. माणसाला कळत नाही."

"एवढी फुंकर?"

"म्हणजे काय! माझे पाय ठणठणीत आहेत. तुला काय वाटलं?"

काकूंनी बांगडीला अडकवलेली पिन काढून हातात घेतली. मग म्हणाल्या, "तिकडे तोंड करा. पिन टोचून बघते."

"बघ की." काकांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांनी आजवर डॉक्टरला फसवलं होतं, लेकीला फसवलं होतं, ही तर घरचीच. फक्त वेळ साधायची होती. त्यांनी कान देऊन ऐकलं. काकू पुढे वाकल्याची चाहूल लागली. बांगड्या वाजल्या.

"आई गं!" काका ओरडले. "केवढ्याने टोचतेस! जीव घेशील की काय माझा?"

काकांनी मान वळवली. काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी अजून पिन उघडलीसुद्धा नाही."