धातूचा खुबा आणि गौरीची फुगडी

गोवा मुक्त होऊन तीनेक वर्षं झाली असतील. शिमग्याच्या आधी मी विहिरीकाठच्या शेवाळावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. बोटीने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मोडका गोळा काढून धातूचा बसवला. वय माझं अडतीस. वाडीत बातमी पसरली, हिच्या कमरेत लोखंड घातलंय, आता चुलीपुढे बसून भात रांधला तरी पुष्कळ.

बसते कसली! माझा सगळा जीव फुगडीत. चतुर्थीला पाचजणींना दमवून सहावीला हाक मारणारी मी. फुगडीच गेली, तर बाकीची शाबूत राहून करणार काय?

त्या साली चतुर्थीला काठी घेऊन खुर्चीत बसले आणि दुसऱ्यांच्या फुगड्या बघून चक्क रडले. गणपती गेले आणि मी चालायला लागले. आधी अंगण, मग माडांची बाग, मग तारकर्लीची पुळण. कोरड्या वाळूत पाय रुततो, ओढून काढावा लागतो. पन्नास पावलांत घाम फुटायचा. नवरा शाळामास्तर. छत्री घेऊन मागून यायचा आणि दर दहा पावलांनी "पुरे गो आता" म्हणायचा. शेवटी त्याला घरी पिटाळलं. पुढच्या मे महिन्यात भरलेली कळशी घेऊन मी विहिरीच्या पायऱ्या चढत होते. दार लावून, खांब धरून गिरक्याही मारायची. मुंबईच्या डॉक्टरांना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, सगळं करा, फक्त पडू नका.

गौरीच्या दुपारी मी पदर खोचला. शेजारीण उठली, पण हात असे धरले जशी अंड्यांची टोपली. चार पावलं गोल चालवून मला जागेवर आणून ठेवलं. दुसरीनेही तेच. तिसरी म्हणाली, "वायच हळू गो, खुबो निसटात." आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या! पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोण येता काय गो माझ्यावांगडा धड फुगडी घालूक?" मी ओरडले.

सगळ्या मागे सरकल्या. मग कोपऱ्यातून माझी थोरली जाऊ उठली. राहायची बाजूच्याच घरात, पण आमचा दोन वर्षं अबोला. तिच्या कोंबड्यांनी माझी वाळत घातलेली कोकमाची सोलं उधळली होती आणि मी तिला नको नको ते बोलले होते. मी खाटेवर असताना पेजेचं भांडं आणून आदळून जायची, पण तोंडातून शब्द नाही.

तिने माझी मनगटं करकचून धरली. पायाला पाय भिडवले आणि अंग मागे टाकलं, सगळंच्या सगळं. मीही टाकलं. क्षणभर खुब्याकडे कान लावला. काही नाही! मग मात्र विसरलेच. गणपतीवर टांगलेल्या माटवीतले नारळ, काकड्या, सुपाऱ्या फिरून एक झाल्या. "फूऽ फूऽ" करून आम्ही दोघी घुमत होतो. तिला मला हरवायचंच होतं, देवाशप्पथ सांगते, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आणि मला इतका आनंद झाला, इतका, की हसू आवरेना. बायका उठून उभ्या राहिल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. तिचं तोंड लालबुंद झालं, पाय अडखळू लागले.

"सोड गो बाये माका, मेलंय!"

दीड वर्ष जो तो मला जपत होता. आता एकजण माझ्यापुढे गयावया करत होती. मी कसली सोडते! आणखी चार गिरक्या दिल्या तिला.