माहेरवाशिणींची नोंद

गेणबा येसकराला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण गावातलं जन्म-मरण त्याच्याइतकं पाठ दुसऱ्या कुणाला नव्हतं. इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीपासून दीड कोसावर ओढ्याकाठी त्याचं गाव होतं. येसकरानं वेस राखायची, कोण आलं कोण गेलं ते बघायचं आणि कुणी मेलं की पै-पाहुण्यांच्या गावी पायी जाऊन सांगावा द्यायचा. शिवाय दर सोमवारी चावडीच्या पायरीखाली उभं राहून पोलीस पाटील हिंदुरावांना आठवड्याची जन्म-मरणं सांगायची. पाटील ती वहीत उतरवत आणि पत्रक इंदापूरच्या कचेरीत धाडत. कुठं रोगराई उठली हे सरकारला त्या पत्रकावरून कळायचं. कचेरीतल्या साहेबांना वाटे, सगळ्या तालुक्यावर आपली नजर आहे. ती नजर खरं तर गेणबाच्या दोन पायांवर चालत होती, आणि त्या पायांना गावच्या आडाची पायरी चढायची बंदी होती. महारवाडा ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी प्यायचा.

छत्तीस सालच्या श्रावणात पंचमीला गावच्या लेकी माहेरी आल्या. गेणबाची नकोशीही आली, सातवा महिना लागलेली. तीन पोरींच्या पाठीवर चौथी, म्हणून आजीनं नाव नकोशी ठेवलं होतं. गेणबाचा सगळा जीव मात्र तिच्यातच अडकलेला.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी माळ्यांची झुंबर उलट्या-जुलाबानं गेली. चौथ्या दिवशी वरच्या आळीची प्रयाग तशीच गेली. पंचमीची दिंडं बाधली, असं लोक म्हणाले. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, नाव कुणी तोंडातून काढलं नाही, कारण नाव घेतलं की ती दारात येते असा समज. दोघीही माहेरवाशिणी, दोघीही बारामतीच्या बाजूला कॅनॉलकाठच्या एकाच गावात दिलेल्या. गेणबा दोन्ही वेळा पाच कोस चालून सांगावा देऊन आला.

सोमवारी पाटलांनी विचारलं, कोण गेलं का. गेणबा म्हणाला, कोण न्हाय. तो खोटं बोलला नव्हता. दिलेली लेक सासरच्या गावची, तेव्हा तिचं मरणही त्याच गावच्या वहीत जायचं, हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. पाटील स्वतः झुंबरच्या मयतीला गेले होते, तरी त्यांनी 'निरंक' असं लिहिलं आणि वही मिटली. दोन शहाण्या माणसांनी मिळून दोन मेलेल्या बायका हिशेबातून उडवल्या, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी गेणबा निमगावला गेला असताना त्याला म्हस्कू भेटला. म्हस्कू त्या कॅनॉलकाठच्या गावचा येसकर, नकोशीही त्याच गावात दिलेली, त्यामुळे नात्यानं तिचा चुलत सासरा. तंबाखू मळता मळता गेणबानं सहज विचारलं, त्या दोघींची नोंद झाली ना.

म्हस्कूचा अंगठा तळहातावर थांबला.

"आमच्या वहीत कशाला? तुमच्या गावात मेल्या की त्या. आमी म्हटलं तुमीच घेतल्या असतील."

दोघी कुठल्याच वहीत नव्हत्या. मग इंदापुरात कुणाला काय कळणार, आणि औषध घेऊन कोण येणार? त्यातच त्याला आठवलं की झुंबरची वाकळ ओढ्यात धुतली होती, वरच्या अंगाला, झिऱ्याच्या वर. त्याच झिऱ्यावर नकोशी रोज पाणी भरत होती. तंबाखू तशीच टाकून तो निघाला. दीड कोस वाट त्या दिवशी सरता सरेना.

नकोशी अंगणात भाकरी थापत होती. त्याला बघून हसली. गेणबाला हायसं वाटलं, पण डेऱ्यातलं पाणी त्यानं ओतून दिलं आणि बायकोला, सरुबाईला, बजावलं की उकळल्याबिगर थेंब द्यायचा नाही. मग तो तडक चावडीवर गेला.

पाटलांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. निरंकाचं पत्रक जाऊन तीन दिवस झाले होते. आता दोन मयती कळवल्या तर इतके दिवस काय झोपा काढत होता, म्हणून विचारणा होणार, पाटीलकीवर येणार. पुढच्या सोमवारी बघू, म्हणाले.

गेणबा आयुष्यात पहिल्यांदाच पायरीखालून हलला नाही.

"पाटील, माझ्यावर घाला. येसकरानं सांगितलंच न्हाय, म्हणून लिवा. ते खरंबी हाय. पण आज लिवा."

पाटलांनी दौत ओढली आणि लिहिलं, गेणबाच्या माथी सगळा कसूर ठेवून. त्यात काटकसर केली नाही.

कागद टोपीत खोचून गेणबा चार कोस इंदापूरला गेला. दिवेलागणीला कचेरीत पोचला. कारकुनानं कागद वाचला, तसा तो खुर्चीवरून उठलाच. सकाळी पाण्यात टाकायच्या लाल औषधाच्या बाटल्या घेऊन दवाखान्याचा माणूस टांग्यात बसला आणि गेणबा टांग्याच्या मागे चालत निघाला. सारी वाट त्याच्या डोळ्यांपुढे नकोशीचं हसणं होतं. एकच घोर होता, पाणी उकळलं ते कालपासून, आणि ती पीत होती त्याला आठ दिवस झाले होते.

वेशीपाशी सरुबाई उभी होती. पहाटेपासून नकोशीला सुरू झालं होतं.

दवाखान्याच्या माणसानं आधी तिला बघितलं, उकळलेलं पाणी घोटघोट पाजायला सांगितलं, पण नजर वर केली नाही. मग त्याला गावच्या आडाकडे जायचं होतं, हुकूम तसाच होता. गेणबानं वाट अडवली.

"साहेब, आदी झिरा. समदा वाडा त्याचंच पानी पितो."

लेकीच्या उशाशी बसायचं सोडून तो त्याला ओढ्यात घेऊन गेला. झिऱ्याचं पाणी जांभळं झालेलं बघूनच माघारी आला. दुपार टळायच्या आत नकोशी गेली, पोटातल्या जिवासकट.

पाटील वही घेऊन महारवाड्याच्या तोंडाशी आले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिथवर आले होते. नाव लिहिलं, वय लिहिलं, कारणापुढे पटकी लिहिलं. मग हळूच विचारलं, गाव कुठलं घालू.

"हितलं," गेणबा म्हणाला.

झिऱ्यात आणि आडात लाल औषध पडत राहिलं. त्यानंतर गावात एक म्हातारा गेला, बाकी आजारी पडले ते उठले.

पण ते पुढचं झालं. त्या दुपारी माती द्यायला नवरा यायला हवा होता, सांगावा द्यायला हवा होता. दुसरा कुणी जाईल, असं भावकी म्हणाली. गेणबानं काठी उचलली. काम त्याचं होतं.

उन्हं कलताना तो कॅनॉलकाठी पोचला. सांगावा आणणारा घरात शिरत नाही, म्हणून दारातच उभा राहिला. म्हस्कू बाहेर आला, त्याच्याकडे बघितलं आणि कोण गेलं हे न विचारताच खाली बसला. आतून बायकांचा आक्रोश उठला. नकोशीचा नवरा पागोटं गुंडाळत अनवाणीच वाटेला लागला.

म्हस्कूनं डोळे पुसले. काही तरी बोलायचं म्हणून, किंवा तेवढंच सुचलं म्हणून, त्यानं विचारलं,

"वहीत घेतली?"

"घेतली," गेणबा म्हणाला, आणि मग दारातच मटकन बसून रडू लागला.