शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे

अमोलदादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. दादा म्हणजे माझ्या आत्तीचा मुलगा. तो मला सहसा फोन करत नाही, म्हणून मी घाईनं बाहेर व्हरांड्यात आले. आई सकाळी अंगणात तांदूळ निवडत बसली होती, म्हणाला, आणि बसल्या जागीच कलंडली. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही... मी तशीच कोल्हापूरच्या स्टँडवर आले आणि कोडोलीच्या गाडीत बसले. तिकीट फाडताना कंडक्टरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कंडक्टरीणबाईंच्यात?" मी मान हलवली. बातमी माझ्याआधी स्टँडवर पोचली होती. पुढं वारणेच्या बाजूला गाडी वळेपर्यंत तो माणूस माझ्याच सीटजवळ उभा राहिला.

आत्तीचं नाव शकुंतला, पण गावात तिला सगळे कंडक्टरीणबाईच म्हणायचे. आमच्या भागात एसटीत बायका कंडक्टर म्हणून दिसायला लागल्या, त्यातल्या पहिल्या काहींमध्ये ती होती. लोक तिच्या आवाजाबद्दल बोलतात, तो मोठा होताच. पण मला तिच्याबद्दल लिहायचं ते वेगळं आहे, आणि ते नीट लिहिता येईल की नाही याची मला शंका आहे. आत्तीला माणसांची आणि गावांची फार उत्सुकता होती. नोकरीत ती शेकडो गावांना गेली, पण प्रत्येक गाव तिनं फक्त स्टॉपवरून पाहिलं. गाडी पोचली की चहा घ्यायचा, ड्रायव्हरनं गाडी वळवली की निघायचं. "स्टॉपच्या मागं गाव कसं हाय ते कधी बघाय मिळालंच न्हाय," असं ती म्हणायची. म्हणून निवृत्त झाल्यावर तिनं एक नाद लावून घेतला. सकाळी कुठल्याही गाडीत बसायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं आणि गावात शिरायचं. हुपरीला एकदा अशीच गेली आणि पैंजणं बनवणाऱ्या एका घरात दुपारभर बसून आली. घुंगरू कसे डागतात ते बघितलं, त्यांच्यात जेवली, त्यांच्या सुनेचं माहेर कुठलं ते विचारून आली. दादाला हे आवडायचं नाही. तिचा गुडघा दुखायचा, रक्तदाबाची गोळी चालू होती. तो चिडून विचारायचा, आई, तिथं बघायला काय हाय? आत्ती म्हणायची, तेच तर बघाय गेलतो.

जयसिंगपूरचे एक निवृत्त शिक्षक, कांबळे सर, दरवर्षी आपल्या बौद्ध मंडळींची श्रीलंकेची सहल काढतात. आत्तीनं त्यात नाव दिलं आणि सोबत माझंही दिलं. कारण काय, तर पोरगी इंग्लिश शिकती. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. माझं इंग्रजी पेपर लिहिण्यापुरतं आहे. अनोळखी माणसाशी मराठीतसुद्धा बोलायचं मी टाळते, हे आत्तीला चांगलं माहीत होतं. तरी ती म्हणाली, तू नुसती शेजारी उभी राहा, बाकीचं मी बघतो. निघताना दादानं मला बाजूला घेऊन बजावलं की तिला गटातून हलू द्यायचं नाही.

अनुराधपुरात महाबोधीच्या झाडाखाली आत्ती पांढऱ्या साडीत खूप वेळ बसली. शेजारी तिथलीच एक म्हातारी, तीही पांढऱ्या कपड्यात, वंदना म्हणत होती. आत्तीनं कान दिला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण विहारात म्हणतो तेच शब्द आहेत. मग तीही सोबत म्हणायला लागली. दोघी एकमेकींकडे बघत, एकमेकींना सांभाळून घेत शेवटपर्यंत गेल्या. "शब्द आपलंच की गं," मला म्हणाली, "चाल तेवढी येगळी." त्या दिवसापासून ती जास्तच चुळबुळ करायला लागली. आमची गाडी मोठी, गार हवेची. बाहेर शेतं, शाळेतून सुटलेली पोरं, नारळाचे ढीग, सायकलवर मासे विकणारा माणूस, हे सगळं काचेपलीकडून आवाज न करता मागं जायचं. उतरायचं ते फक्त स्तूप आणि जेवण यांच्यासाठी. उतरलं की आत्ती पहिला माणूस दिसेल त्याला हाक मारायची, "ओ पावणं." मी एकदा तिला म्हटलं, आत्ती, इथं पावणं आपण हाय. ती म्हणाली, आसू दे की, वळून बघितलं न्हवं त्यानं.

तिनं सरांना सांगितलं की तिला ह्या देशातली एकच गोष्ट बघायची राहिली आहे. इथली साधी गाडी पकडायची आणि ती जिथं संपते त्या गावात जायचं. सरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. त्यांचंही खरं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या पिशवीत, सगळ्यांच्या घरच्यांना त्यांनी शब्द दिलेला. कँडीत शेवटच्या दिवशी सकाळी बाजारहाट करायला मोकळीक होती आणि जेवण झालं की विमानतळाकडे निघायचं होतं. आत्तीनं त्यांना तिथं गाठलं. एवढंच म्हणाली, सर, बाकीच्या बायका मसालं घेत्यात, मला मसालं नकोत. सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाले, जेवणाच्या आत इथं पाहिजे, विमान कुणासाठी थांबत नाही. दादाला यातलं काहीच सांगायचं नाही, असं आत्तीनं मला बजावलं.

कँडीच्या स्टँडवर गाड्यांच्या पाट्यांवरची गोल गोल अक्षरं बघून आत्ती हरखली. खाली इंग्रजीत गावाचं नाव होतं ते मी वाचलं, लांबलचक, जिभेवर न बसणारं. लाल गाडी, आपल्यासारखीच धूळ आणि डिझेलचा वास. आत्ती सवयीनं दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसायला गेली, तेव्हा मागच्या बाईनं तिचा हात धरला आणि भिक्खूंचं चीवर असतं तशी खांद्यावरून बोटं फिरवून दाखवली. ती सीट भन्तेंसाठी राखीव होती. आत्ती एकदम मागं झाली, हात जोडले, आणि मग खुशीत मला सांगायला लागली की आपल्याकडं आमदाराला ठेवत्यात, बघ, आणि हिकडं भन्तेंना.

गाडी चढाला लागली. एका स्टॉपवर कंडक्टर, पंचविशीचा पोरगा, खाली उतरून एका म्हातारबाचं पोतं मागं टाकत होता. म्हातारबा चढला, पाठोपाठ दोन बायका चढल्या, सगळे बसले. आत्ती उभी होती, कारण बसायला सांगितलं तरी तिला बाहेरचं दोन्ही बाजूंचं बघायचं होतं. दार मोकळं झालेलं तिनं पाहिलं, गाडीभर नजर फिरवली, आणि तिचा हात आपसूक वरच्या दोरीकडे गेला. दोनदा ओढली. डबल बेल. ड्रायव्हरनं गियर टाकला आणि गाडी निघाली. कंडक्टर खालीच.

काय झालं ते कळायला आम्हा दोघींनाही वेळ लागला. मागच्या काचेतून तो पोरगा हात हलवत पळताना दिसला, मग वळणाआड गेला. गाडीत गलका झाला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. आत्ती दोरीकडे अशी बघत होती जणू तिनं नव्हे, कुणी तिसऱ्यानंच ती ओढली. थोड्या वेळानं तो पोरगा रिक्षातून आला, घामाघूम, आणि चढल्या चढल्या सगळ्यांना मोठ्यानं काही विचारायला लागला. माणसांनी आत्तीकडे बोट केलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आत्ती मराठीत सांगत होती, चुकलं बाबा, हाताला सवय हाय. त्याला काही कळत नव्हतं आणि त्याचा राग वाढत होता. आत्तीनं माझ्याकडे पाहिलं. मी जागची उठले. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती आणि माझ्या तोंडून दोन-तीन इंग्रजी शब्दच फुटले. माझी आत्या, इंडिया, बस कंडक्टर.

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं ड्रायव्हरला हाक दिली आणि गाडी झटका देऊन वळणाला लागली. उभी असलेली सगळी माणसं एका बाजूला कलली, मीसुद्धा सीटच्या दांडीवर आदळले. आत्ती मात्र सीटच्या कडेला कंबर टेकून, दोन्ही हात मोकळे ठेवून, सरळ उभी. पोरानं तिच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि तो हसायला लागला. मागच्या बायकाही हसल्या. मी तिकिटासाठी पैसे पुढं केले तर त्यानं माझा हात बाजूला सारला. "स्टाफ," म्हणाला. हा शब्द मला भाषांतर करून सांगावा लागला नाही. आत्तीचे डोळे भरून आले होते, पण आवाज मोठाच होता. ती म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय गं. इचार त्याला, लगीन झालंय का?"

या सगळ्यात वेळ गेला होता. चहाचे मळे सुरू झाले, रस्ता अरुंद झाला. आत्तीनं मला कंडक्टरला विचारायला लावलं, शेवटचं गाव किती लांब. त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं, त्याच्या पलीकडे हात वळवला. मी मनात हिशेब केला. तिथं जाऊन परत फिरलो तर जेवणाच्या वेळेला पोचणं शक्य नव्हतं. पण आत्ती त्या डोंगराकडे अशी बघत होती की मला ते बोलवेना. सर थोडं थांबतील, असं मी म्हटलं. आत्तीनं डोंगरावरची नजर काढली आणि म्हणाली, "उतरूया. जन्मभर मी उशिरा येणाऱ्यांना बोललो. आता माझ्यापायी एवढी माणसं बसवून ठिवू व्हय?"

कंडक्टरनं समोरून येणारी गाडी हात करून थांबवली आणि त्या ड्रायव्हरला आमच्याबद्दल काहीतरी सांगितलं. आम्ही रस्ता ओलांडला. आत्तीनं गाडीत पाय ठेवला, पण मान मागं वळवून ती त्या लाल गाडीकडे बघत राहिली, ती डोंगराच्या वळणाला जाईपर्यंत.

एवढं करूनही आम्हाला उशीर झालाच. सर आमच्या गाडीच्या पायरीवर उभे होते. ते आत्तीला खूप बोलले आणि तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ती गाडीत चढून मधल्या वाटेत उभी राहिली आणि सगळ्यांची माफी मागितली. जयसिंगपूरच्या एक बाई म्हणाल्या, "काय शकुबाई, तिथंच ड्युटी लागली का काय?" गाडीभर हशा झाला. आत्तीही हसली.

घरी आल्यावर ती सगळ्यांना डबल बेलची गोष्ट सांगायची, स्वतःची फजिती रंगवून. पण आम्ही दोघीच असलो की तिचा प्रश्न एकच असायचा, त्या डोंगराच्या पलीकडं काय आसंल? मी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. रस्त्याची रेघ डोंगर ओलांडून जात होती आणि एका ठिकाणी संपत होती. तिनं मोबाईल हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. "रेघ नको दावू," म्हणाली, "गाव दाव." तिनं ठरवलं होतं की पुढच्या हिवाळ्यात फक्त आम्ही दोघींनी जायचं, गट नाही, सर नाहीत. पावसाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी चढ-उतार बंद सांगितले, आणि दादानं तर विषयच बंद केला. आत्ती त्याच्याशी भांडली नाही. पण मी भेटायला गेले की विचारायची, तिथं शाळा आसंल का गं? विहार तर आसंलच की. पाणी कुठनं आणत आसतील?

आत्तीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आता काही आठवडे झाले. गेल्या रविवारी मी कोडोलीला गेले तेव्हा दादा आत्तीच्या खोलीत तिच्या खाटेवर बसला होता. खोलीतलं काही हलवलेलं नव्हतं, तिची चप्पलसुद्धा दाराआड होती. मी त्याच्याजवळ बसले. मग त्यानं विचारलं, "तू तर सोबत हुतीस. त्या शेवटच्या गावात काय हाय?"

"माहीत न्हाय, दादा. अलीकडंच उतरलो आम्ही."

आतून वहिनीनं चहाला बोलावलं, तरी तो उठला नाही. मग त्यानं विचारलं, पासपोर्टला काय काय लागतं. मी सांगितलं. त्यानं आणखी विचारलं, ती गाडी स्टँडवर कुठं लागते, सकाळची असते का, आणि आपल्याला तिथलं बोलणं येत नाही त्याचं काय. हे सगळे प्रश्न एकेकाळी माझे होते.

"तिथं उभं ऱ्हायाचं आणि इचारायचं," मी म्हटलं.

"कुणाला?"

"जो दिसंल त्याला, दादा."